नावाचा माग कसा काढायचा

चार वर्षांपूर्वी नाशिकला इंदिरानगरच्या घरी माझ्या भावाच्या मुलाचं बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून महिनाभर मी रात्री मोबाइलवर नावांच्या याद्या वाचत होते. ‘आरव’ सगळ्यांना आवडलं. यादीत अर्थ दिला होता ‘शांत’. तोच अर्थ मी आमंत्रणपत्रिकेवर छापून घेतला. बारशाच्या दिवशी ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटून झाल्यावर शेजारच्या एक बाई, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “अगं, आरव म्हणजे आवाज. कलरव म्हणतो ना आपण पाखरांचा, त्यातलाच रव.”

नाव वाईट नव्हतं. पण मी न तपासलेली गोष्ट छापून ऐंशी जणांच्या हातात दिली होती, आणि ज्याच्या नावाची ती गोष्ट होती त्याला अजून मानही धरता येत नव्हती. ते मला फार लागलं. तेव्हापासून नावं शोधायचा नाद लागला. आता नात्यागोत्यात कुणाकडे पाळणा हलणार असला की आधी मला फोन येतो. ज्यांना आपल्या किंवा बाळाच्या नावाचं मूळ शोधायचं आहे पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी माझी रीत इथे लिहिते आहे. त्यासाठी संस्कृत, अरबी किंवा फारसी येण्याची गरज नाही. थोडा धीर हवा, आणि एक वही.

पहिली पायरी: नाव देवनागरीत नीट लिहा

रोमन स्पेलिंगवरून अर्थ शोधायला जाऊ नका, तिथेच निम्म्या चुका होतात. रोमन लिपीत ‘शीला’ आणि ‘शिला’ सारखंच लिहिलं जातं. एक शीलवती, दुसरी दगड. ‘वीणा’ आणि ‘विना’ यांचंही तेच. ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, ल-ळ, श-ष हे सगळं वहीत पक्कं करा, मगच पुढे जा.

मग त्याच माणसाची सगळी नावं लिहा: कागदावरचं, घरातल्या हाकेचं, पत्रिकेतलं. पत्रिकेतलं म्हणजे नावरस नाव. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं ठरलेली असतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. काही चरणांना तर ङ, ञ, ण अशी अक्षरं येतात, ज्यांच्यापासून नाव सुरूच होत नाही. म्हणून पत्रिकेत ‘चूडामणी’ असलेला माणूस जन्मभर ‘प्रकाश’ असतो. नावरस नाव पुष्कळदा फक्त अक्षर जुळावं म्हणून धरलेलं असतं. त्याच्या अर्थात फार शिरू नका. आई-वडिलांच्या मनातलं नाव बहुधा हाकेचं असतं.

दुसरी पायरी: कोशाआधी घरातली म्हातारी माणसं

कोश शब्दाचा अर्थ सांगेल. ते नाव तुमच्याच घरात का आलं, हे फक्त माणसं सांगतील, आणि माणसं थांबत नाहीत. म्हणून ही पायरी आधी.

माझ्या आजोबांचं नाव धोंडिराम. आम्ही सगळे धरून चालायचो की आधीची मुलं जगली नसतील, म्हणून याचं नाव दगडधोंड्यावर ठेवलं. तसा रिवाज होताच. त्याबद्दल पुढे सांगते. पण एकदा मी सिन्नरला आजोबांच्या धाकट्या बहिणीकडे वही घेऊन बसले. त्या म्हणाल्या, “छे गं, दादा अधिकात झाला.” अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. आजोबा त्या महिन्यात जन्मले म्हणून धोंडिराम. आम्ही दोन पिढ्या एका न घडलेल्या दुःखाची गोष्ट सांगत होतो. जुन्या पंचांगाशी जन्मतारीख ताडून पाहिली, जुळली.

विचारताना ‘तुमच्या नावाचा अर्थ काय’ असं विचारू नका, समोरचा माणूस बावरतो. ‘तुमचं नाव कुणी ठेवलं?’, ‘त्या वेळी घरात काय चाललं होतं?’, ‘हे नाव आधी कुणाचं होतं?’ असं विचारा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देण्याची चाल फार जुनी. नाव एका पिढीआड परत येतं, आणि सासूसमोर सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याच नातवाला घरात बाळू किंवा आप्पा म्हणतात. एकाच घरात दोन नावं चालण्याचं हेही एक कारण.

नाशिकमध्ये असाल तर आणखी एक दार उघडं आहे. रामकुंडावरचे आणि त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या सांभाळत आलेत. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थात जो कुणी आला, त्याचं, त्याच्या बापाचं, आजाचं, भावांचं नाव त्यात उतरवलेलं असतं. जाताना आडनाव, कुळ आणि मूळ गाव नक्की करून जा. वह्या त्यानुसार लावलेल्या असतात, आणि तुमच्या गावाचे उपाध्ये कोण हे घाटावर विचारलं की कळतं. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा उपाध्यांनाच वाचून दाखवायची विनंती करा. दक्षिणा मनापासून द्या, त्यांनी ती पानं पुरापाण्यातून जपली आहेत. माझ्या पणजोबांचं नाव घरी सगळे ‘लखू’ सांगायचे. वहीत ‘लक्ष्मण’ निघालं, आणि त्यांच्या भावांची नावं राम आणि भरत. तीन नावं शेजारी शेजारी दिसल्यावर वेगळा अर्थ सांगावा लागला नाही.

तिसरी पायरी: नाव कोणत्या भाषेतून आलं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. नाव हातात आलं की थेट अर्थाकडे धावतात. पण भाषा ठरल्याशिवाय अर्थ ठरत नाही. ‘समीर’ घ्या. संस्कृतात समीर म्हणजे वारा. अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पागोष्टींना सोबत करणारा. गंगापूर रोडचा समीर आणि जुन्या नाशकातला समीर एकाच वर्गात शेजारी बसतील, हजेरीला एकाच वेळी ‘हजर’ म्हणतील, पण त्यांची नावं दोन वेगळ्या भाषांतून आली. दोन्ही अर्थ सुंदर आणि दोन्ही खरे, फक्त आपापल्या घरात.

‘किरण’ आपला प्रकाशाचा. आयर्लंडमध्येही कानाला जवळजवळ असंच ऐकू येणारं नाव आहे, त्याचा अर्थ सावळा, काळ्या केसांचा. ‘कियान’ हल्ली आपल्याकडे बरंच ऐकू येतं. फारसीत ते प्राचीन राजांशी जोडलेलं आहे, आयरिश भाषेत त्याच उच्चाराचं नाव म्हणजे पुरातन. याद्यांत मात्र त्याखाली ‘देवाची कृपा’ लिहिलेलं असतं. ‘कियारा’ हे इटालियन ‘क्यारा’चं रूप. अर्थ स्वच्छ, उजळ.

भाषा ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. मराठी घरातलं प्रत्येक नाव संस्कृतच असेल असं धरू नका. आपल्या खेड्यापाड्यांतली भारदस्त नावं बघा. ‘दौलत’ अरबी, ‘साहेबराव’मधलं साहेब अरबी, ‘फकिरा’ अरबी, ‘गुलाब’ फारसी: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. ‘सिकंदर’ तर ग्रीसमधून निघालेला. ग्रीक ‘अलेक्झांड्रॉस’, म्हणजे माणसांचं रक्षण करणारा. अरबी बोलणाऱ्यांना नावाच्या आरंभीचं ‘अल्‌’ हे आपल्या भाषेतलं, इंग्रजी ‘द’सारखं, उपपद वाटलं, ते गळालं आणि उरला सिकंदर. मध्ययुगात नाशिकचं नावही गुलशनाबाद होतं. ज्या गावाने चार शतकं फारसी ऐकली त्या गावच्या लोकांच्या नावांत ती असणारच, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

चौथी पायरी: कोश उघडा

भाषेचा अंदाज आला की त्या भाषेचा कोश. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश, पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात जुने बोलीतले शब्द सापडतात, म्हणून खेड्यातल्या नावांना तो फार उपयोगी. शब्दाचं मूळ हवं तर कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश. संस्कृतसाठी आपटे किंवा मोनियर-विल्यम्स. फारसी आणि फारसीत आलेल्या अरबी शब्दांसाठी स्टाइनगास. यातले बरेच कोश आता घरबसल्या फुकट बघता येतात: मोल्सवर्थ आणि स्टाइनगास शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, मोनियर-विल्यम्स आणि आपटे कोलोन विद्यापीठाच्या. ज्यांना कागद हातात धरल्याशिवाय समाधान होत नाही त्यांनी वाचनालयाच्या संदर्भ विभागात जाऊन बसावं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. अशा कामाला शांत टेबल लागतं, ते तिथे मिळतं.

कोशात बघताना नाव जसंच्या तसं सापडलं नाही तर घाबरू नका, पुढच्या पायरीत ते फोडायचं आहे. पण सापडलं आणि अर्थ यादीपेक्षा वेगळा निघाला, तर कोशाचं ऐका. ‘आरव’चं मी सांगितलंच: आवाज, नाद, गर्जना. ‘अनय’ हे नाव हल्ली आवडीने ठेवतात. संस्कृतात नय म्हणजे नीती, आणि अनय म्हणजे तिचा अभाव, अनीती, गैरवर्तन. राधेच्या नवऱ्याचं नाव म्हणूनही ते परंपरेत येतं, त्यामुळे कुणी त्या आठवणीने ठेवलं असेल तर ती वेगळी गोष्ट. तुम्हाला कोणतं कारण चालतं ते तुम्ही ठरवा. मात्र ठरवताना दोन्ही समोर असू द्या.

बनावट अर्थ ओळखायची माझी एक पद्धत आहे. ज्या अर्थात भाषा सांगितलेली नाही, एकाच नावाला ‘सूर्य, यश, विष्णू, प्रेम’ असे चार गोड अर्थ एकापुढे एक दिलेत, तो अर्थ मी सोडून देते. खऱ्या शब्दाला धातू असतो, लिंग असतं, कुठेतरी वापरलेलं वाक्य असतं. ‘रेयांश’चा अर्थ ‘प्रकाशाचा अंश’ असा सांगतात. अंश संस्कृत आहे खरा, पण किरण या अर्थाचा ‘रेय’ संस्कृतात नाही. नवं नाव घडवण्यात काही पाप नाही. सगळीच नावं कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा घडवलेली आहेत. फक्त ते ‘आम्ही घडवलं’ असं मुलाला सांगा, वेदातलं म्हणून सांगू नका.

पाचवी पायरी: नाव फोडा

ही पायरी शिकवायला मी लोकांना पांडवलेण्यांवर नेते. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेली ही टेकडी, जुनं नाव त्रिरश्मी. पायऱ्या चढून गेलं की भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीची नावं कोरलेली आहेत, ब्राह्मी लिपीत. वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, या लेखांचं वाचन अभ्यासकांनी कधीच प्रसिद्ध केलंय.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, दिनीकाचा मुलगा. सासऱ्याचं नाव नहपान इराणी वळणाचं, बाहेरून आलेल्या शकांचं घराणं. आणि जावई? ‘उषवदात’ म्हणजे संस्कृत ‘ऋषभदत्त’. प्राकृतात ‘ऋ’चा ‘उ’ झाला, ‘भ’ झिजून ‘व’ झाला. बायकोचं नाव दक्षमित्रा. म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या कुटुंबाने एका पिढीत इथली नावं घेतली होती.

सतराव्या लेण्यात त्याहून नवलाचं. दान देणारा स्वतःला ‘योणक’ म्हणवतो, म्हणजे यवन, ग्रीकांच्या वंशातला. उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं धम्मदेव, मुलाचं धम्मरक्षित. एका यवन घराच्या तीन पिढ्या, बाप आणि मुलाच्या नावात बौद्ध धम्म, मधल्याच्या नावात वैदिक इंद्र आणि अग्नी. नावावरून माणसाचा धर्म, वंश ओळखणाऱ्यांनी या लेण्यासमोर थोडा वेळ उभं राहावं.

आता फोडूया. ऋषभ + दत्त. इंद्राग्नि + दत्त. ‘दत्त’ म्हणजे दिलेला, ‘दा’ धातूपासून. देवाने दिलेलं मूल. हा तुकडा हातात आला की जगभरातली नावं उलगडायला लागतात, कारण मूल देवाने दिलं ही भावना सगळीकडची. आपले देवदत्त, गुरुदत्त. ‘दत्तात्रय’ म्हणजे दत्त + आत्रेय, अत्रीचा मुलगा. मूळ रूप दत्तात्रेय, आपण बोलता बोलता त्याचं दत्तात्रय केलं. फारसीत ‘दाद’ म्हणजे दिलेला: खुदादाद. ‘बगदाद’ या शहराच्या नावातही तेच, बग म्हणजे देव, आपल्या ‘भग’चा, भगवानातल्या भगाचा भाऊबंद. ग्रीकात थिओडोर, थिओस देव आणि डोरॉन भेट. तेच दोन तुकडे उलटे जोडले की डोरोथी. रशिया-सर्बियाकडचा बोगदान, बोग म्हणजे देव. संस्कृत दत्त, फारसी दाद, ग्रीक डोरॉन आणि या बोगदानातलं दान हे सगळे एकाच मूळ धातूचे फुटवे आहेत. सांगलीचा देवदत्त आणि बेलग्रेडचा बोगदान एकमेकांना भेटले तर नावाने सख्खे भाऊ निघतील.

अर्थ तोच पण घराणं वेगळं, असंही असतं. अरबी अताउल्ला: अता म्हणजे देणगी. हिब्रूत ‘नातान’ म्हणजे त्याने दिलं, त्यावरून नाथान, जोनाथन, नथानिएल. इथे जपून. नाथान आणि आपला ‘नाथ’ ऐकायला सारखे, पण संबंध काही नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नवशिके सगळ्यात जास्त इथे फसतात.

अरबी नावं वेगळ्या पद्धतीने फुटतात. तिथे तीन व्यंजनं शोधायची. ह-म-द म्हणजे स्तुती: मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद, हमीदा. स-ल-म म्हणजे सुखरूपपणा, शांती: सलीम, सलमा, सलमान, सलाम. हिब्रूतला शालोम याच घराण्यातला, आणि त्यातूनच शलमोन, अरबीत सुलेमान. तीन अक्षरं हेरता आली की मालेगावच्या एखाद्या शाळेचं हजेरीपुस्तकही वाचनीय वाटायला लागतं. आणि एक विनंती: ‘अब्दुल रहमान’ला नुसतं ‘अब्दुल’ म्हणू नका. ‘अब्द’ म्हणजे सेवक, आपला ‘दास’. पुढचं नाव तोडलं की ‘–चा सेवक’ एवढंच उरतं, कुणाचा ते राहून जातं. रामदासाला ‘दास’ म्हणून हाक मारण्यासारखं ते आहे.

चिनी आणि जपानी नावांबद्दल एवढंच सांगते की चिन्ह बघितल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. एकच उच्चार अनेक चिन्हांनी लिहिता येतो आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा.

सहावी पायरी: अर्थ कळला, आता हेतू शोधा

केरू, कचरू, दगडू, भिकू. कोश सांगेल: केर, कचरा, दगड, भीक. पण ही नावं ठेवणाऱ्या आयांना आपलं मूल कचरा वाटत नव्हतं. पाळण्यातली मुलं जात होती, मृत्यूची नजर लागू नये म्हणून त्या मुलाला वरवर कवडीमोल करत होत्या. मूल दुसऱ्याला देऊन मूठभर दाण्यांवर परत मागून घ्यायचं, मग तो भिकू. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायचं, मग तो नथू. अशा बहुतेक नावांमागे आधी गेलेलं एखादं भावंड आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मंगोलियात ‘नेरगुई’ हे नाव आहे, अर्थ ‘नाव नसलेला’. ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’. मृत्यू दारात आला तर त्याला चकवायला. चीनच्या खेड्यांत ‘कुत्र्याने टाकलेलं’ अशा अर्थाचं लाडनाव असे. नायजेरियातले योरुबा लोक तर थेट मुलाशीच बोलतात: ‘मालोमो’, परत जाऊ नकोस, ‘दुरोजाये’, थांब, आयुष्य भोग, ‘कोकुमो’, हा आता मरायचा नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमच्या वाड्यातल्या दगडूकाकांची आई डोळ्यांसमोर आली. ती नायजेरियात जन्मली असती तर तिने ‘मालोमो’ ठेवलं असतं.

‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ मात्र यात घालू नका. तिथे अर्थ आणि हेतू एकच आहे, मुलगी नको होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली, मुलींनी ती स्वतः निवडली. तुमच्या घराण्याच्या यादीत हे नाव सापडलं तर लपवू नका, तसंच लिहा. तिच्यावर काय झालं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

वाराची नावं सोपी आणि गोड. पेठ-सुरगाण्याकडे सोमा, मंगळ्या, बुधा भेटतात. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर घेताना विक्रेत्यांशी दोन शब्द बोला: दावा म्हणजे सोमवार आणि चंद्रही, ल्हाक्पा बुधवार, पासांग शुक्रवार, पेंबा शनिवार, न्यिमा रविवार आणि सूर्य. ‘पेमा’ हे तर आपलंच पद्म, हिमालय चढून गेलेलं. घानाच्या आकान लोकांत शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, दिवस शुक्रवार.

सातवी पायरी: नात्यावरून पडलेली नावं, प्रवासात बदललेली नावं

पुन्हा लेण्यांकडे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजे आईच्या नावाने ओळखले जात होते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आणला, तेव्हा पुष्कळांना हे काहीतरी नवीनच वाटलं. नाशिककरांच्या तर डोंगरावर ते कोरून ठेवलेलं आहे.

नात्यावरून पडलेलं आपलं सगळ्यात लाडकं नाव ‘कुसुमाग्रज’. अग्रज म्हणजे थोरला भाऊ, कुसुम ही धाकटी बहीण. कवीचं पाळण्यातलं नाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णु वामन शिरवाडकर, आणि स्वतः निवडलेलं नाव ‘कुसुमचा मोठा भाऊ’. अरबांमध्ये अबू अमुक, उम्म तमुक, म्हणजे अमक्याचा बाप, तमक्याची आई, ही आदराची हाक. आइसलँडमध्ये आडनावच नाही, बापाच्या किंवा आईच्या नावापुढे ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’, मुलगा किंवा मुलगी. आपल्याकडे मधलं नाव हेच काम करतं.

नाव प्रवासात कसं बदलतं त्याचं उदाहरणही शरणपुरातलंच. एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनच्या वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत होती. याओ जमातीचा एक मुलगा त्यांत होता, मिशनमध्ये त्याचं नाव झालं जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत परतला. १८७३ साली प्रवासी लिव्हिंगस्टन तिथे वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब होता, आणि १८७४ साली त्या देहासोबत तो इंग्लंडलाही गेला. त्याच्या नावातलं ‘जेकब’ हिब्रूतून आलेलं, मूळ शब्द टाच. जुळ्या भावाची टाच धरून जन्मलेला तो याकोब. मराठी बायबलमध्ये याकोब, अरबीत याकूब, इंग्रजीत जेकब आणि जेम्सही. ‘वेनराइट’ म्हणजे गाडी बनवणारा सुतार. आफ्रिकी मुलगा, हिब्रू नाव, इंग्रजी आडनाव आणि शाळा नाशिकची. उलट बाजूने, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नारायण हे नाव तसंच ठेवलं. म्हणून धर्म आणि नाव वहीत नेहमी वेगळ्या रकान्यांत लिहावं.

आता ‘नाशिक’ हेच नाव घ्या. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, नऊ शिखरं म्हणून नवशिख, अशा गोष्टी आपण ऐकल्या आहेत. एकोणिसाव्या लेण्यातल्या, सातवाहन राजा कण्हाच्या काळच्या लेखात ‘नासिक’ हे रूप दगडात आहे. गोष्टी सांगाव्यात, मीही मुलांना सांगते, पण वहीत आधी सगळ्यात जुनं लिखित रूप लिहावं, मग गोष्ट. आणि ‘कण्ह’ म्हणजे कृष्ण. आपण आजही लाडाने कान्हा म्हणतो, ते रूप तेव्हापासून चालत आलंय.

आठवी पायरी: कागद

हे थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर दवाखाना कळवतो, पण खात्री आपण करायची. नाव ठरलं नसेल तर घाई करू नका, नोंद नावाशिवाय होते. पुढे १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून त्यावरचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडे, एकेक अक्षर वाचून घ्या. एका नातेवाइकांच्या मुलीचं ‘ज्ञानदा’ रोमनमध्ये हिंदी वळणाने ‘ग्यान’ असं लिहून आलं, ते सुधारायला त्यांना तीन हेलपाटे पडले. मोठेपणी नाव बदलायचं असेल तर राजपत्रात जाहीर करावं लागतं.

शेवटी: एका नावाला एक पान

पानावर इतकंच लिहा: नाव, त्याचा उच्चार, भाषा, फोड, कोशातला अर्थ आणि कोणत्या कोशातला, कुणी ठेवलं, का ठेवलं, हे नाव आधी घरात कुणाचं होतं. माहीत नसेल तो रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. पुढच्या पिढीत एखादी आजी सांगेल, एखादी जुनी वही सापडेल.

माझ्या वहीतलं भाच्याचं पान असं आहे. आरव. ‘र’ पूर्ण उच्चारायचा, ‘व’ तोकडा. संस्कृत. आ + रु, रु म्हणजे आवाज करणे. मोनियर-विल्यम्स: आक्रोश, नाद. ठेवलं आत्याने. कारण: यादीत चुकीचा अर्थ वाचला होता, आणि म्हणायला छान वाटलं. आधी घरात कुणाचं नव्हतं. खाली मागच्या पावसाळ्यातली एक नोंद आहे. गोदावरीला पाणी आलं होतं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत. पुलावर त्याला कडेवर घेऊन उभी होते, तेव्हा तो पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आत्या, केवढा आवाज!” मी त्याला सांगितलं, “तुझं नाव तेच आहे.”